खोल खोदाईचं प्रशिक्षण: भिंती कमी, सांधे जास्त

खोल खोदाईच्या आधारकामाचे अभ्यासक्रम बहुधा भिंतींच्या प्रकारांनी सुरू होतात. शीट पाइल, डायफ्राम वॉल, सिकंट पाइल, सोल्जर पाइल, सॉइल नेलिंग. प्रत्येकाची एक आकृती, एक गणित, शेवटी छोटीशी परीक्षा. नाशिकच्या साइट इंजिनिअरला त्यातलं निम्मं उभ्या नोकरीत लागत नाही. शीट पाइल इथे काही मीटरवर खडकाला टेकतो आणि त्याचं टोक मुडपतं. डायफ्राम वॉलचा चर खणणारा जबडा (ग्रॅब) कातळात चालत नाही. जे रोज लागतं ते मात्र दोन आकृत्यांच्या मध्ये कुठेतरी राहून जातं. कड ढासळते ती सहसा सांध्यावर: काळी माती मुरुमावर टेकते तिथे, पाइलचं टोक खडकात शिरतं तिथे, स्ट्रट (खड्ड्यात आडवा लावलेला टेकू) वेलरला (भिंतीलगतच्या आडव्या पोलादी बीमला) लागतो तिथे, आपला खड्डा शेजाऱ्याच्या पायाला भिडतो तिथे. नाशिकमध्ये हे प्रशिक्षण द्यायचं झालं तर त्यात काय असावं, याचं हे टिपण आहे. साइट इंजिनिअर आणि सुपरवायझर समोर धरून लिहिलंय. मुकादम आणि पोकलेनचा ऑपरेटर वर्गात बसले तर आणखी चांगलं.

सुरुवात कोअर बॉक्सपासून, म्हणजे बोअरमधून काढलेल्या दगडाच्या नमुन्यांच्या पेटीपासून करावी. कुठल्या खोलीवर काय लागलं हे सांगणारा बोअर लॉगचा छापील कागद सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण पेटीतला दगड हातात घेऊन फार थोड्यांनी पाहिलेला असतो. नाशिक दख्खनच्या बसाल्टवर वसलेलं आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग मऊ झालेला खडक आणि त्याखाली कातळ, हा क्रम बहुतेक ठिकाणी सापडतो. जाडी मात्र एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांतही बदलते. म्हणून एका बोअरवर संपूर्ण खड्ड्याचं डिझाइन करणाऱ्याला पहिल्याच तासात हटकावं. पेटीत तीन गोष्टी शोधायला लावाव्यात. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला लाल गेरूचा पट्टा: हा ओला झाला की साबणासारखा निसटतो आणि वरचा कातळ कितीही चांगला असला तरी त्याला बसायला जागा उरत नाही. दुसरं, फटींवरचे गंजाचे डाग, म्हणजे तिथून पाणी वाहतं. तिसरी गोष्ट पेटीत नसते, ड्रिलरच्या वहीत असते: ड्रिलिंगचं पाणी कुठल्या खोलीवर परत यायचं थांबलं. ती खोली लिहिलेली नसेल तर बोअर अर्धवट झाला, असं खुशाल समजावं.

काळ्या मातीची ओळख करून द्यायला प्रयोगशाळाही लागत नाही. १०० मिलिलीटरचे दोन मोजनळे घ्या. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती प्रत्येकात १० ग्रॅम टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवून द्या. पाण्यात माती १९ मिलिलीटर झाली आणि रॉकेलमध्ये १० राहिली तर मुक्त फुगवटा ९० टक्के. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या ४० व्या भागातली ही चाचणी. ५० च्या पुढे आकडा गेला की सावध. अधिकृत अहवाल हवा असेल तर प्रयोगशाळेत जावंच लागेल, पण मोजनळ्यात फुगलेली माती एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्या मातीवर पातळ शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) मारून निर्धास्त होत नाही.

एप्रिलमधली कड आणि जूनमधली कड

नाशिकमध्ये खोदाई उन्हाळ्यात उरकायची घाई असते. एप्रिलमध्ये कोरड्या काळ्या मातीची चार मीटरची कड ओळंब्यात उभी दिसते आणि ठेकेदार म्हणतो, ‘माती भरीव आहे, काही होत नाही.’ याचं उत्तर गणितात द्यावं. आधाराशिवाय उभ्या राहणाऱ्या कडेची सैद्धांतिक उंची म्हणजे मातीच्या चिकटपणाच्या चौपटीला घनतेने भागायचं. चिकटपणा चौरस मीटरला २५ किलोन्यूटन आणि घनता घनमीटरला १७ किलोन्यूटन धरली तर उत्तर येतं जवळपास ५.९ मीटर. पाणी मुरलं आणि चिकटपणा १० वर आला की तीच उंची २.३५ मीटर. म्हणजे कडेला हात न लावता ती अडचणीत आली. वर भेगांचा हिशेब आहेच. उन्हाळ्यात तडकलेल्या जमिनीतली दोन मीटर खोल भेग वळवाच्या एका सरीने भरली तर ते पाणी एकटं रनिंग मीटरला दोन टन जोराने माती खड्ड्याकडे ढकलतं. कडेच्या मागे, समांतर धावणारी बारीक भेग दिसली की मातीने तोंड बुजवून टाकायचं ही साइटवरची सवय वाईट. आधी भेगेवर खुंट्या मारा, रुंदी मोजा, तारीख लिहा. मगच ती बुजवा, तीही पाणी आत जाऊ नये म्हणून.

पाण्याचं आणखी एक गणित फळ्यावर पूर्ण सोडवून घ्यावं, कारण त्यानंतर फारसं व्याख्यान लागत नाही. सात मीटर खोल खड्डा, मुरमाड माती, घनता १८, अंतर्गत घर्षणकोन ३० अंश, म्हणजे दाबाचा गुणांक एक तृतीयांश. कोरड्या अवस्थेत भिंतीवर येणारा एकूण जोर रनिंग मीटरला १४७ किलोन्यूटन, साधारण १५ टन. आता भिंतीमागे पाणी वरपर्यंत चढलं असं धरा. माती पाण्यात हलकी होते, घनता ९ धरली तर तिचा जोर ७३ वर येतो. पण पाण्याचा स्वतःचा २४० होतो. बेरीज ३१३, म्हणजे दुपटीहून जास्त. भिंत १५ टनांसाठी बांधली आणि भार ३२ टनांचा आला. इतका फरक पडायला पाऊसच हवा असं नाही. शेजारच्या सोसायटीची गळकी पाण्याची लाइन, बुजवलेला शोषखड्डा, जुन्या गावठाणात वाड्याच्या मागचा आड, रस्त्याकडेची तुंबलेली गटार, यांतलं काहीही पुरतं. खोदाईआधी प्लॉटच्या चारही बाजूंना चालत जाऊन पाण्याच्या अशा जागा नकाशावर मांडणं हा अर्ध्या दिवसाचा सराव आहे आणि तो वर्गात होत नाही. गोदाकाठच्या साइटवर त्याच नकाशावर निळी आणि लाल पूररेषाही काढावी. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांत नदीने काठ सोडला होता, तेव्हा ‘इथवर पाणी येत नाही’ हे वाक्य ऐकून घेऊ नये.

वरचं पाणी अडवण्यासाठी कडेपासून मागे गारलँड ड्रेन (खड्ड्याभोवतीची गटार) आणि कडेवर छोटा बांध. खाली कोपऱ्यात सम्प (पाणी गोळा व्हायचा खड्डा), दोन पंप आणि दुसऱ्या पंपासाठी वेगळा वीजपुरवठा. यावर जास्त लिहायची गरज नाही. करायचं आणि रोज गाळ काढायचा.

सॉइल नेलिंग: सिमेंटच्या गोण्या मोजा

मुरूम आणि मऊ खडकासाठी सॉइल नेलिंग हा इथला कामाचा प्रकार. एकेक ते दीड मीटरचा टप्पा खोदायचा, लगेच भोकं पाडायची, २० ते ३२ मिमीची सळई (हीच नेल) घालायची, ग्राउट (सिमेंट-पाण्याचं मिश्रण) भरायचा, जाळी बांधून ७५ ते १०० मिमी शॉटक्रीट मारायचं, प्लेट बसवायची आणि मगच पुढचा टप्पा. नेलमधलं अंतर साधारण १ ते १.५ मीटर, उतार १० ते १५ अंश खाली, लांबी खड्ड्याच्या खोलीच्या ०.६ ते १ पट. एवढं सगळेच शिकवतात. शिकवायचं राहून जातं ते पुढचं.

ग्राउटमध्ये पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ ठेवायचं तर ५० किलोच्या गोणीला २२.५ लिटर पाणी. हा आकडा कागदावर ठेवून चालत नाही. बादलीवर रंगाने रेघ मारून द्यावी. एका गोणीतून साधारण ३८ लिटर ग्राउट तयार होतो. ११० मिमी व्यासाचं सहा मीटर लांब भोक भरायला ५७ लिटर लागतात, म्हणजे दीड गोणी. आता प्रत्येक नेलसमोर किती गोण्या गेल्या ते लिहायला लावा. एकच गोणी गेली तर भोक आत ढासळलंय आणि सळई मातीला धरूनच नाही. चार गोण्या गेल्या तर ग्राउट कुठल्या तरी पोकळीत, उघड्या फटीत किंवा शेजाऱ्याच्या ड्रेनेजमध्ये जातोय; तिथेच थांबून शोध घ्यावा. ही एक ओळीची नोंद महागड्या उपकरणाइतकं सांगून जाते. ग्राउट नेहमी भोकाच्या तळापासून पाइपने भरत यायचं. तोंडातून ओतला तर आत हवा अडकते. सळई भोकाच्या मधोमध राहावी म्हणून दोन-अडीच मीटरवर सेंट्रलायझर लागतो. तो नसेल तर सळई तळाला मातीवर टेकते आणि एका बाजूला ग्राउटचं कवचच उरत नाही.

डीटीएच हॅमरने (भोकाच्या तळाशी हवेच्या दाबाने ठोकणाऱ्या ड्रिलने) भोक पाडताना हवेचा दाब मुरमातून वाट काढत शेजाऱ्याच्या फरशीखाली जातो आणि कधीकधी टाइल उचलतो. उथळ वरच्या ओळींसाठी हवा कमी करावी किंवा ऑगर (स्क्रूसारखा फिरणारा गिरमिट) वापरावा. काळ्या मातीत पाण्याने भोक धुणं तर सक्त बंद.

चाचणीबाबत अमेरिकेच्या एफएचडब्ल्यूएच्या (केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या) मार्गदर्शिकेतले निकष सोपे आहेत. काम सुरू करण्याआधी बळी द्यायच्या काही नेल डिझाइन भाराच्या २०० टक्क्यांपर्यंत ओढून पाहायच्या, मग प्रत्यक्ष कामातल्या ५ टक्के नेल १५० टक्क्यांपर्यंत. चाचणीच्या नेलमध्ये तोंडाजवळ किमान १ मीटर भाग ग्राउटशिवाय मोकळा हवा आणि आत किमान ३ मीटर ग्राउटने पकडलेला. भार धरून ठेवल्यावर पहिल्या आणि दहाव्या मिनिटाच्या वाचनात १ मिमीहून जास्त फरक आला तर ती नेल सरकते आहे. साइटवर घोटाळा होतो तो मोकळ्या मीटरमध्ये: तोही भाग ग्राउटने भरतात, जॅक शॉटक्रीटवरच टेकवतात आणि आकडा झकास येतो.

वरच्या काळ्या मातीच्या थरात नेलवर विसंबू नये, हे स्पष्ट मत. ती माती पकड कमी देते आणि ओली झाली की फुगून शॉटक्रीटच ढकलते. जागा असेल तर वरचा थर उतारावर कापून मागे घ्यावा. जागा नसेल तर पाइल किंवा मायक्रोपाइल. आणि काळी माती जिथे मुरुमावर टेकते त्या रेषेवर निचऱ्याच्या पट्ट्या, वीप होल (पाणी बाहेर पडायची भोकं) दाट ठेवावेत, कारण वरून झिरपलेलं पाणी त्या सांध्यावर येऊन आडवं चालू लागतं.

पाइलचं टोक आणि खाली उरलेला खड्डा

नाशिकच्या खोदाईतला सगळ्यात दुर्लक्षित सांधा हा. शेजारी इमारत असल्यामुळे कडेला ६०० मिमीचे पाइल ७०० मिमी अंतरावर उतरवले. पाच मीटरवर खडक लागला, दीड मीटर खडकात रोवून पाइल थांबवला. तळघर मात्र नऊ मीटरपर्यंत जायचंय. म्हणजे पाइलच्या टोकाखाली अडीच मीटर खडक कापायचा आहे, तोही पाइलच्या पुढ्यातला, ज्यावर पाइल टेकून उभा आहे. पुस्तकातल्या आकृतीत पाइल नेहमी खड्ड्याच्या तळाखाली उतरलेला असतो, त्यामुळे हा प्रसंग तिथे येतच नाही.

इथे पाइलच्या पुढे खडकाची ओटी सोडावी लागते, साधारण अर्धा ते एक मीटर. ती सोडली की तळघराचं क्षेत्रफळ कमी होतं, पार्किंगची एखादी रांग अडचणीत येते आणि आर्किटेक्टचा फोन येतो. ही भांडणं नकाशा मंजूर होण्याआधी व्हायला हवीत. ओटीवर पाइलच्या बुडाशी आडवी बीम टाकून, तिच्यातून खडकात तीन-चार मीटरचे बोल्ट मारून मगच खाली उतरायचं. ओटीच्या कडेने जॅकहॅमरने साधारण ३४ मिमीची भोकं १५० ते २०० मिमी अंतरावर पाडून घेतली तर खडक त्या रेषेवर तुटतो. ऑपरेटरला एकच गोष्ट पक्की सांगावी: ब्रेकरची छिन्नी ओटीखाली घालून उचकटायचं नाही. बसाल्टमध्ये उभ्या फटी असतात. उचकटलं की ओटी अख्ख्या ढेपेने निघते आणि पाइल लटकतो.

सुरुंगाचा प्रश्न आला की डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) १९९७ च्या परिपत्रकातले कंपनाचे आकडे वापरतात. ते खाणींसाठी आहेत, पण अंदाज देतात. साध्या घरांसाठी ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिमी, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्यावर १५. ऐतिहासिक, नाजूक वास्तूंसाठी २, ५ आणि १०. पंचवटी किंवा जुन्या नाशकात दगडमातीच्या वाड्याशेजारी दुसरी ओळ धरावी, आणि खरं म्हणजे तिथे ब्रेकर किंवा खडक फोडणारी फुगीर पावडरच बरी.

स्ट्रट, वेलर आणि सिंगापूर

अरुंद प्लॉटवर नेल शेजाऱ्याच्या जागेत जाणार आणि तो परवानगी देणार नाही, तेव्हा स्ट्रट येतात. वरच्याच सात मीटरच्या खड्ड्यासाठी पेकच्या पद्धतीने (स्ट्रटवरचा दाब सगळ्या खोलीत सारखा धरून) दाब काढला तर चौरस मीटरला २७ किलोन्यूटन. स्ट्रट चार मीटरवर आणि प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन मीटर उंची असेल तर एका स्ट्रटवर सुमारे ३८ टन. एवढा भार वेलरच्या मधल्या पातळ उभ्या पट्टीवर (वेबवर) एका बिंदूत येतो. तिथे स्टिफनर (ताठपणा देणारी) प्लेट नसेल तर स्ट्रट शाबूत राहतो आणि वेलर चुरगळतो. सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेजवळची मेट्रोची ३३ मीटर खोल खोदाई कोसळून चार जण गेले, त्यात स्ट्रट आणि वेलरचा जोड हेच कमकुवत ठिकाण ठरलं. चिकणमातीची ताकद जास्त धरली गेली होती आणि भिंत अपेक्षेहून जास्त सरकत असताना इशाऱ्याच्या मर्यादा वाढवल्या गेल्या होत्या. हे प्रकरण शिकवताना माती सिंगापूरची आहे म्हणून सोडून देऊ नये. मर्यादा वाढवण्याची सवय कुठल्याही शहराची असते.

उन्हाचाही हिशेब आहे. २० मीटरचा पोलादी स्ट्रट पहाटेपेक्षा दुपारी २५ अंशांनी तापला तर मोकळा असताना ६ मिमी लांबला असता; दोन्ही टोकं अडवलेली असल्याने तेवढा ताण आत साठतो. म्हणून भिंतीच्या हालचालीची सगळी वाचनं रोज एकाच वेळी घ्यावीत, सकाळी सातच्या आत. नाहीतर भिंत हलली की ऊन वाढलं, हेच कळत नाही.

वाचनांची मर्यादा खोदाईआधी ठरवून कागदावर सही घ्यावी. नेलच्या भिंतीचा माथा मऊ खडकात खोलीच्या हजाराव्या भागाइतका, वाळूसारख्या मातीत पाचशेव्या आणि चिकणमातीत ३३३ व्या भागाइतका सरकणं अपेक्षित असतं. आठ मीटरला ८, १६ आणि २४ मिमी. त्याच्या पुढे गेलं तर काय करायचं हेही लिहून ठेवावं: माणसं बाहेर, कडेवरची सळई-डंपर-माती मागे, आणि पायथ्याशी मुरुमाचा भराव. तो मुरूम साइटवर आधीपासून रचून ठेवलेला हवा. रात्री दोनला डंपर मिळत नाही.

शेजारी

भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ मध्ये कलम ७ च्या उदाहरणात लिहिलंय की प्रत्येक मालकाच्या जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. कलम १५ प्रमाणे इमारतीच्या भारासह असा आधार २० वर्षं निर्वेध मिळत आला असेल तर तोही हक्क होऊ शकतो. जुने वाडे त्यात सहज बसतात. म्हणून खोदाईआधी शेजारच्या प्रत्येक खोलीतल्या भेगांचे तारखेसह फोटो, मालकाच्या सहीने. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून द्यावी. वाड्याचा पाया किती खोल आहे ते हाताने खणलेल्या ट्रायल पिटमधून पाहावं; दगडी पाया अपेक्षेहून उथळ निघणं नेहमीचं. त्याखाली आधार द्यायचा तर एकेक मीटरच्या पट्ट्यांत, आणि लगतच्या दोन पट्ट्या एकाच वेळी कधीही उघडायच्या नाहीत.

पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ रोजी पावसात संरक्षक भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ जण गेले. लेबर कॅम्प कुठे टाकायचा, हा विषय अभ्यासक्रमात ‘इतर’ या सदरात असतो. तो पहिल्या दिवशी हवा: कुठल्याही भिंतीच्या किंवा कडेच्या उंचीइतक्या टप्प्यात झोपायची जागा नाही.

आता नळ आणि ड्रेनेजच्या चरांबद्दल. सिंहस्थाच्या तयारीत शहरभर चर खणले जातात आणि तीन मीटरच्या चराला ‘खोल खोदाई’ कोणी म्हणत नाही. एक घनमीटर माती पावणेदोन टनांची असते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या) सुरक्षा नियमांत दीड मीटरपेक्षा खोल चराला उतार किंवा आधार, दर ३० मीटरला शिडी आणि ती जमिनीच्या वर ९० सेंमी, खोदलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी दूर, यातलं जे जास्त असेल ते. पाठ करायला एवढंच पुरे.

शेवटचा सांधा खोदाई संपल्यावर येतो: पंप कधी बंद करायचे. राफ्टच्या (तळघराखालच्या सलग काँक्रीटच्या पायाच्या) तळापासून पाणी तीन मीटर वर चढलं तर चौरस मीटरला ३० किलोन्यूटन जोराने ते राफ्ट उचलतं. अर्ध्या मीटर जाडीच्या राफ्टचं वजन १२.५. १.२ चा सुरक्षा गुणक धरला तर ३६ लागतात, आणि बीमसह एक स्लॅब साधारण ६ देतो, म्हणजे चार स्लॅब पडेपर्यंत पंप चालू. ऑगस्टमध्ये दुसऱ्या स्लॅबनंतर डिझेल वाचवायला पंप थांबवले की राफ्ट मधोमध फुगतो आणि कॉलमच्या बुडाशी तडे येतात. पंप बंद करायचा टप्पा आरसीसी सल्लागाराकडून लेखी घ्यावा आणि तो कागद पंपाच्या पॅनेलवर चिकटवावा.